येण्याचेही पैसे पडतात

असा मेल नेहमी शुक्रवारी संध्याकाळी येतो. शनिवार-रविवारात माणसं घरीच चरफडतील आणि सोमवारी गुमान हजर होतील, असा हिशेब असावा. आता आठवड्याचे दोन नव्हे, पाच दिवस ऑफिसात यायचं. मेलमध्ये 'टीम स्पिरिट' असतं, कँटीनचा नवा मेनू असतो, पैशाबद्दल चकार शब्द नसतो.

माझी भाची कोथरूडहून हिंजवडीला जाते. मेल आल्यावर तिने मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर यथेच्छ शिव्या घातल्या आणि मॅनेजरला 'नोटेड' एवढंच कळवलं. पगार वाढवून माग म्हटलं तर म्हणाली, "मावशी, बरं दिसतं का ते? लोकांच्या नोकऱ्या जातायत!"

हे 'बरं दिसणं' आपल्याला फार महागात पडतं. याच भाचीकडे सासू-सासरे महिनाभर राहायला आले, तेव्हा पोळ्यांच्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी पोळपाट पुसता पुसता सांगितलं, "दोन माणसं वाढलीत, पैसे वाढवावे लागतील." भाचीने मुकाट वाढवले. त्यात ना ताईंना संकोच वाटला, ना हिला राग आला.

वाढ मागितली की कंपनीचं म्हणणं ठरलेलं असतं: पगार पाच दिवसांचाच होता, घरून काम ही सवलत होती, ती संपली. जो २०१९मध्ये रोज येत होता, त्याच्यापुरतं हे खरंही आहे. पण ज्याला घरून काम करायचं असं सांगूनच घेतलं, आणि जो त्या भरवशावर सांगलीला आईवडिलांजवळ जाऊन राहिला, त्याच्याशी झालेला सौदाच बदलला आहे. शिवाय हजेरीला किंमत असते हे कंपन्यांनी स्वतःच दाखवून दिलंय. टीसीएसने २०२३च्या ऑक्टोबरपासून पाच दिवस ऑफिस सक्तीचं केलं आणि पुढच्या वर्षी व्हेरिएबल पगार हजेरीच्या टक्क्यांना जोडला. न आल्याचे पैसे कापता येतात, तर जास्त आल्याचे मागायला लाज कसली?

सरकार तर हे कधीचंच मान्य करून बसलंय. केंद्र सरकारच्या मधल्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्याला पुण्यामुंबईसारख्या शहरात महिना ३६०० रुपये वाहतूक भत्ता असतो, वर त्या भत्त्यावर महागाई भत्ता. कर्मचारी पूर्ण कॅलेंडर महिना गैरहजर राहिला, तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ता नाही. म्हणजे काम करण्याचे पैसे वेगळे आणि कामावर पोचण्याचे वेगळे. खाजगी कंपनीच्या सीटीसीत हे सगळं एका आकड्यात गुंडाळलेलं असतं, म्हणून आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही.

मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. आठवड्याला तीन दिवस वाढले, म्हणजे महिन्याला तेरा. जाऊन-येऊन अडीच तास धरले, तर साडेबत्तीस तास. नऊ तासांच्या शिफ्टने मोजलं तर महिन्याला साडेतीन दिवस नुसते रस्त्यावर. वाकडच्या पुलावर माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन कॉल करतो, ते तास कोणाच्या खात्यात जातात देव जाणे. शेअर कॅबचे दिवसाला चारशे, म्हणजे ५२००. पाळणाघर अर्ध्या दिवसाचं पूर्ण दिवसाचं झालं, त्याचे आणखी ३५००. एकूण ८७००.

इथे एक मेख आहे. हे ८७०० पगारातून हातात पडायचे तर तीस टक्के कराच्या गटातल्या माणसाला साडेबारा हजारांच्या आसपास वाढ मागावी लागते. पूर्वी वाहतूक भत्त्यातले महिना १६०० रुपये करमुक्त होते. २०१८च्या अर्थसंकल्पाने, दिव्यांग सोडून बाकीच्यांची, ती सवलत काढून प्रमाणित वजावटीत जिरवली. मात्र घर ते ऑफिस कंपनीने आपल्या गाडीने नेलं-आणलं, तर तो आयकराच्या हिशेबात कर्मचाऱ्याचा लाभ धरला जात नाही. म्हणून आधी बस मागावी, रोख रक्कम नंतर. बसचा पास मॅनेजरला ॲडमिनशी बोलून मिळवून देता येतो. हाइकचं बजेट त्याच्या हातात बहुधा नसतंच, आणि 'सायकल एप्रिलमध्ये' हे उत्तर तर त्याच्या जिभेवर तयार असतं.

पाळणाघराचं कारण पुढे करावं की नाही, यावर आमचं वाजलं. मी म्हटलं करू नकोस. घरच्या अडचणी सांगितल्या की बाईच्या मागणीची विनवणी होते, आणि विनवणीला 'ॲडजस्ट करा' म्हणता येतं. तास आणि रुपये सांग. तिने माझं ऐकलं नाही, दोन्ही सांगितलं. तिच्या मॅनेजरची पोरगीही पाळणाघरात असल्याने ते चाललं, पण हा नशिबाचा भाग झाला.

भाचीला पगारवाढ मिळाली नाही. कंपनीच्या बसचा पास मिळाला, शुक्रवार घरून करायची मुभा मिळाली आणि बाकीचा मुद्दा एप्रिलच्या अप्रेझलमध्ये घेऊ असं उत्तर आलं, तेही मेलवर. तुमच्याकडेही तो शुक्रवारचा मेल आला असेल, तर 'नोटेड' लिहिण्याआधी नेमणूकपत्रातलं कामाच्या जागेचं कलम वाचा, आकडे मांडा आणि पहिल्या पंधरवड्यातच मागा. तोंडी 'बघू'वर उठून येऊ नका.