खानदेशात समुद्र नाही. बरं, मग?

सुट्ट्या लागल्या की माझ्या फेसबुकवर जळगाव-धुळ्याचे निम्मे लोक गुडघाभर पाण्यात उभे असतात. तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर, दीव, गोवा. मागे लाटा, डोक्यावर नवी टोपी आणि खाली एकच शब्द, ‘सुकून’.

जावं. जरूर जावं. स्वतःच्या कष्टाचा पैसा आहे, मला पोटदुखी नाही. पण परत आल्यावर चहाच्या टपरीवर जे वाक्य हमखास ऐकू येतं, त्याचं मात्र काहीतरी करायला हवं. "आपल्याकडे आहे काय भो? ऊन, केळी अन् कापूस."

मग मला सांगा, मालवणला जाऊन तुम्ही नेमकं काय केलं? समुद्रात माणूस किती वेळ राहतो? तास, दोन तास. बाकीचा दिवस कसा गेला? सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलात. दुपारी मासे आणि सोलकढी. नंतर देवबागच्या बाजूला खाडीतली फेरी. पोरांनी स्कूबाचा हट्ट धरला. संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली, दोन हात तुम्हीही लावले आणि त्याचा व्हिडिओ टाकला. रात्री कुणाच्या तरी घरच्या खोलीत झोपलात, सकाळी त्याच घरातल्या वहिनींनी घावणे करून वाढले. निघताना खाजा, कोकम, काजू घेतले. म्हणजे समुद्र बघायला पैसा लागला नाही. पैसा लागला तो मुक्कामाला, आणि तो गेला गावातल्या दहा घरांत.

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याआधीही समुद्र तिथेच होता. घरातली एक खोली पाहुण्याला द्यायची, पाटी लावायची, चादर धुऊन ठेवायची, हे शिकायला लोकांना वर्षं लागली. सगळं गोड नाही तिथे, कचरा आहे, गर्दी आहे, भाव डोक्यावर बसलेत. पण दुसऱ्या दिवशी पाहुण्याने काय करायचं, याचं उत्तर तिथल्या रिक्षावाल्याकडेही असतं.

आता आपल्याकडे या.

अजिंठा जळगाव स्टेशनापासून साठेक किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरहून शंभर. मुंबई-हावडा मार्ग इथून जातो, सुरतेची लाइन इथे मिळते. देश-परदेशातला माणूस जळगावला उतरतो, गाडी करतो, लेणी बघतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. राहिलाच रात्री, तर गाडी पहाटेची आहे म्हणून राहतो.

आणि सोमवारी तर अजिंठा बंद असतो! रविवारी रात्री चुकून उतरलेल्या माणसाला सोमवारी आपण काय दाखवतो? हा प्रश्न मी अनेकांना विचारलाय. अर्ध्यांनी सोन्याची दुकानं सांगितली. एकाने मॉल सांगितला.

अरे, चाळीसगाव आहे ना. तिथून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी. गौताळा अभयारण्याचं जंगल, चंडिकेचं यादवकालीन मंदिर, जवळ महादेवाचं जुनं मंदिर, पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारं पाणी. वर पितळखोऱ्याची लेणी, ती अजिंठ्यातल्या बऱ्याच लेण्यांहून जुनी. आणि याच पाटणला सापडलेला शिलालेख. १३व्या शतकाच्या सुरुवातीला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. (हा चांगदेव वेगळा, तापीकाठचा योगी चांगदेव वेगळा. दोन्ही आपलेच.) डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात हा लेख जगापुढे आणला.

म्हणजे गणिताची शाळा होती भाऊ आपल्या डोंगरात! आणि आपल्या शाळांच्या सहली जातात वॉटरपार्कला. लीलावतीत मोर आणि सापाचं गणित आहे. ते सहावी-सातवीच्या पोरांना त्याच झाडीखाली बसवून घालता येतं. त्याला कोटीचा निधी लागत नाही. एक हौशी मास्तर लागतो आणि एक फळा.

चाळीसगावात स्टेशनाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचं घर आणि संग्रह आहे. जवळपास पन्नास वर्षं हा माणूस त्या घराबाहेर फारसा पडला नाही आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे फोटो काढून जगभर नाव कमावलं. गाडीला वेळ असला तरी अर्ध्या तासात जाऊन येण्यासारखं. स्टेशनावर बसलेल्या किती जणांना हे माहीत असतं?

इकडे मुक्ताईनगरकडे गेलं की तापी-पूर्णेचा संगम, चांगदेवाचं मंदिर, हतनूरचं पाणी आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारे पक्षी. जळगावात गांधीतीर्थ आहे, बहिणाबाईंचं माहेर आसोदा हाकेच्या अंतरावर. चोपड्याकडे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, रावेरकडे पाल. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आणि साने गुरुजी. २०२४ च्या साहित्य संमेलनाला तीन दिवस तिथे मांडव भरला होता. मांडव उतरला आणि पाहुणेही संपले.

धुळेकरांनो, तुम्ही हसू नका. मुंबई-आग्रा महामार्गावरून रोज हजारो गाड्या लळिंगच्या किल्ल्याखालून जातात. काचेतून बघतात, ‘कोणता किल्ला आहे हो?’ म्हणतात आणि पुढच्या ढाब्यावर थांबतात. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले आणि लगेच जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. म्हणजे २०२७ ला शंभरी. धुळ्यात त्याची तयारी दिसते का कुठे? शेजारी समर्थ वाग्देवता मंदिर, रामदासी बाडांचा केवढा संग्रह. आणि पांझरेवरची फड पद्धत! नदीला बंधारा, त्यातून पाट, एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी गावाने ठरवायची आणि पाटकऱ्याने सांभाळायची. पाण्यावर पीएचडी करणारे लोक त्यासाठी लांबून येतात. आपण मात्र पाहुण्याला तो पाट दाखवत नाही. आपल्याला त्यात बघण्यासारखं काही वाटतच नाही.

जसं कोकणातल्या माणसाला पूर्वी रापणीत काही वाटत नसणार.

मला विचाराल तर खानदेशची रापण म्हणजे भरीत पार्टी. हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी-पांढरी लांबुळकी वांगी टाकायची, साल करपली की सोलायची आणि लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. केळीच्या पानावर वाढायचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पुण्यातला माणूस या एका जेवणासाठी येईल, पैसे देऊन येईल. पण तो आला तर त्याने फोन कुणाला करायचा? आपली भरीत पार्टी आपल्याच दोस्तांपुरती. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. केळीच्या बागेत दोन खोल्या, एक न्हाणी, घड उतरवताना बघायला मिळणं आणि रात्री शेवभाजी किंवा खापरावरचे मांडे. यासाठी समुद्र कुठे लागतो?

"उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत कोण येणार?" कबूल, कुणी येणार नाही. पण कोकणात पावसाळ्यात होड्या बंदच असतात की. त्यांचा धंदा उरलेल्या महिन्यांवर चालतो. आपल्याकडे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत काय वाईट आहे? मंडणगडच्या वेळासचं उदाहरण बघा. छोटं गाव, पंचतारांकित काही नाही. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरात राहतात, ताटात येईल ते जेवतात. तिथेही पाहुणे यायचे दिवस मोजकेच.

आता खरं दुखणं. गेल्या हिवाळ्यात मी आपल्याच भागातल्या एका प्रसिद्ध ठिकाणी गेलो, नाव घेत नाही. कमान नवी, पेव्हर ब्लॉक नवे, ‘आय लव्ह अमुक’चा सेल्फी पॉइंटही लागलेला. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चावी कुणाकडे, कुणालाच माहीत नाही. परतीची बस पाचच्या आत गेली म्हणे. नाशिकहून आलेलं एक कुटुंब पायरीवर बसून भेळ खात होतं, कारण जेवण मिळायची सोय नव्हती. ठिकाणाबद्दल माहिती देणारी एक पाटी होती, तिच्यावर दोन पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.

आपल्याकडे पर्यटन विकास म्हणजे सुशोभीकरण. त्याचं टेंडर निघतं, नारळ फुटतो, फोटो येतो. माझ्यासारखे बातमीदार ती बातमी लावतात. स्वच्छतागृहाच्या चावीचं टेंडर निघत नाही, म्हणून तिची बातमीही होत नाही.

आणि यात कुणाचं नुकसान होतंय? आपली पोरं सुरतेला, पुण्याला कंपनीत बारा-बारा तास उभी राहतात. तापी आपल्या दारातून वाहत जाऊन डुमसजवळ समुद्राला मिळते, तिच्या पाठोपाठ पोरंही जातात. त्यांच्यातली सगळी नाही थांबणार, मला माहीत आहे. पण पाटण, चांगदेव, लळिंगसारख्या प्रत्येक गावात पाच घरं, एक बचत गटाची खाणावळ, दोन वाटाडे आणि एक गाडीवाला एवढे जगू शकतात. जंगलात डीजे नको, डोंगर फोडून रिसॉर्ट तर मुळीच नको. पितळखोऱ्याच्या दगडावर बदाम काढून नावं कोरणारे आधी आवरले पाहिजेत, तेही आपलेच आहेत.

मागणी मोठी नाही. या हिवाळ्याआधी, जिल्ह्यातल्या दहा ठिकाणी: उघडं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, संध्याकाळी सहानंतर एक परतीची बस, मराठी-हिंदी-इंग्रजीत वाचता येईल अशी पाटी, आणि आधी फोन केला तर जेवण मिळेल असा गावातल्या बचत गटाचा नंबर. ग्रामसभेत ठराव घ्यायला मंत्रालयात जावं लागत नाही.

तुमच्या गावाजवळच्या ठिकाणी यातलं काय आहे, काय नाही, खाली लिहा. शेवटची बस किती वाजता सुटते तेही लिहा. कुणाला शिव्या घालू नका, फक्त गाव, तालुका आणि कुलूप आहे की नाही एवढंच. पंधरा दिवसांत यादी करतो आणि दोन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टर ऑफिसात देऊन पोच घेतो. पोचेचा फोटो इथेच टाकीन.