चौकडीचं कापड आणि किटचं खूळ

गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींनी आणि एका भाचीने लागोपाठ विचारलं, "चिकन स्क्रॅच शिकायचंय, कुठलं किट घेऊ?" तिघींना एकच उत्तर दिलं: कुठलंच नको. तिघींनाही तो खडूसपणा वाटला, म्हणून इथे जरा सविस्तर भांडते.

(नाव पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी: हा खायचा पदार्थ नव्हे, आणि लखनवी चिकनकारीशीही ह्याचा संबंध नाही! कोंबडीने माती उकरल्यासारखे टाके, म्हणून हे नाव.)

अमेरिकेतलं हे भरतकाम गिंगहॅमवर, म्हणजे पांढऱ्या आणि एका रंगाच्या सुती चौकडीवर करतात. डिप्रेशन लेस, हूवर लेस ही त्याचीच नावं. १९३० च्या दशकातली मंदी आणि अध्यक्ष हर्बर्ट हूवर, दोघांची आठवण त्यांत आहे. लेस परवडत नसेल तर स्वस्त कापडावर पांढऱ्या दोऱ्याने लेसचा भास करायचा. अशा काटकसरीच्या युक्तीचं आता किट मिळतं. कापलेलं कापड, छापील नक्षी, पुसलं जाणारं पेन, सगळं डब्यात. हसावं की रडावं!

पैशांचं सोडा हो. माझा राग वेगळाच आहे. ह्या कामात नक्षी कापडातच विणलेली असते, आणि किट नेमकं तेच बघू देत नाही.

गिंगहॅम नीट बघा. रंगीत उभा धागा रंगीत आडव्याला भेटतो तिथे गडद चौकोन, पांढरा पांढऱ्याला भेटतो तिथे पांढरा, आणि एक रंगीत एक पांढरा असेल तिथे फिका. चारांत एक गडद, एक पांढरा, दोन फिके. झाला तक्ता! गडद चौकोनावर पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी फुली (आधी तिरकी, तिच्यावर सरळ). पांढऱ्यावर गडद दोऱ्याची. फिक्यात पांढऱ्याचा एकेक सरळ टाका. आता गंमत अशी की कुठल्याही पांढऱ्या किंवा गडद चौकोनाच्या चारही बाजूंना फिकेच असतात, त्यामुळे चार सरळ टाके मधल्या फुलीकडे तोंड करून बसतात. त्यांच्या खालून, कापडाला न टोचता, दोरा दोनदा गोल फिरवायचा. सुई नेढ्याकडून घातलीत तर टोचत नाही. तो गोल उठला की लेस दिसायला लागते.

ह्यात पेन कुठे आलं? आपल्या कर्नाटकी कशिद्यातही छाप काढत नाहीत, धागे मोजतात. इथे तर मोजायचेही कष्ट नाहीत.

"पण मावशी, किटमुळे सुरुवात सोपी होते ना!" इति भाची. तिचा एक मुद्दा मला मान्य आहे. जोअ‍ॅनची १९४३ पासूनची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हापासून इथे कापडावर हात फिरवून घेणं अवघड झालंय. पण म्हणून डब्यावर विश्वास ठेवायचा? मी पाहिलेल्या एका किटमध्ये चक्क छापील चौकडी होती! ती उलट बाजूने फिकी दिसते आणि बरेचदा धाग्याला सोडून तिरकी पळते. शंका आली तर कडेचा एक धागा ओढून काढा. विणलेल्या चौकडीत तो अखंड एकाच रंगाचा निघतो, छापील असेल तर तुकड्यातुकड्यांनी रंगलेला.

तर खरेदी एवढीच: पाव मीटर विणलेली चौकडी, इंचाला चार चौकोन, पांढऱ्या आणि गडद दोऱ्याची एकेक लडी, सुई, रिंग. सहापैकी तीन पदर घ्या. तुळशीबागेजवळ राहणाऱ्या समस्त मावश्यांनी तर किटचं नावही काढू नये. काकांचा जुना चौकडीचा शर्टही चालतो, फक्त चौकोन बारीक असतात, चष्मा शोधून ठेवा. आणि भाचीबाई, तुझ्याकडे तो हिरवा चौकडीचा टेबलक्लॉथ आहे ना, त्याचाच एक कोपरा धर. रविवारी फोन कर, गोल जमत नसेल तर कॅमेऱ्यावर दाखवते.