जाहिरातीआडचे लुटारू

केदारनाथचे हेलिकॉप्टर गुप्तकाशी, फाटा किंवा सिरसी येथून सुटते. त्याच्या तिकिटासाठी अधिकृत ठिकाण एकच, आयआरसीटीसीचे ‘हेलियात्रा’ हे संकेतस्थळ. मात्र मोबाइलवर ‘केदारनाथ हेलिकॉप्टर बुकिंग’ असे शोधणाऱ्याला ते सर्वांत वर दिसेलच, याची खात्री नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये, यात्रा सुरू होण्याच्या तोंडावर, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला देशभरातील भाविकांना जाहीर इशारा द्यावा लागला. हेलिकॉप्टरची तिकिटे, सोमनाथसारख्या तीर्थक्षेत्रांतील भक्तनिवास, हॉटेल, टॅक्सी अशा सगळ्या गोष्टींच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभी राहिली होती, आणि त्यांतली कित्येक शोधयंत्रावर पैसे मोजून केलेल्या जाहिरातींतून लोकांपर्यंत पोहोचत होती. पैसे भरले की ना पावती, ना तिकीट. दिलेला फोन कायमचा बंद.

या फसवणुकीत कोणी कोणाच्या घरात शिरत नाही, धमकावत नाही की लॉटरी लागल्याचे आमिष दाखवत नाही. माणूस आपणहून, आपल्या गरजेपोटी शोधायला जातो आणि लुटारू वाटेत उभा असतो. म्हणूनच हा प्रकार अधिक घातक आहे. अनोळखी क्रमांकावरून फोन आला की सावध व्हायचे, एवढे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पण जे आपणच शोधून काढले, त्यावर संशय घ्यायची सवय कोणालाच नसते. सायबर फसवणुकीत भारतीयांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. यात सगळे प्रकार आले. तरी एका वर्षात तिपटीने वाढणाऱ्या या लुटीला लोकांचा भाबडेपणा एवढेच कारण देऊन मोकळे होता येणार नाही.

मुळात शोधाच्या पानावर जे सर्वांत वर असते ते सर्वांत खरे असते, हा समज चुकीचा आहे. वरच्या जागा बहुधा जाहिरातींच्या असतात. त्यांवर ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असा बारीक अक्षरांतला शब्द असतो आणि घाईत तो नजरेतून सुटतो. अमेरिकेच्या एफबीआयने २०२२च्या डिसेंबरमध्ये नागरिकांना याच कारणासाठी सावध केले होते. नामांकित कंपन्यांची हुबेहूब पाने बनवून, त्यांच्याच नावाच्या जाहिराती देऊन लोकांची खाती रिकामी केली जात होती. शोधताना जाहिराती दिसूच न देणारी सोय वापरा, असा सल्ला त्या यंत्रणेने दिला. एका तपास यंत्रणेला जाहिरातीच टाळा असे सांगावे लागते, यातच सारे आले.

खरे-खोटे ओळखण्याची खूण पानाच्या रंगरूपात सापडत नाही. बोधचिन्ह, मंत्र्यांचे छायाचित्र, अशोकस्तंभ, ‘सत्यमेव जयते’ हे सगळे पाच मिनिटांत उतरवून घेता येते. खूण असते ती पत्त्यात, आणि पत्ता वाचायचा तो शेवटाकडून. ‘ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हा राज्याच्या परिवहन विभागाचा पत्ता घ्या. त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे आणि तो शेवट खासगी माणसाला विकत मिळत नाही. सरकारी कार्यालयांनाच तो दिला जातो. आता याच पत्त्यातले शब्द आडव्या रेघेने जोडून, ‘महाराष्ट्र’ आणि ‘गव्ह’ पुढे ठेवून, शेवटी नुसते ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑनलाइन’ लावले तर? पहिली नजर ‘महाराष्ट्र’वर पडते, दुसरी ‘गव्ह’वर, आणि शेवटापर्यंत कोणी जात नाही. असा पत्ता अवघ्या काही शे रुपयांत कोणालाही नोंदवता येतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तर तो पुरता दिसतही नाही. त्यावर बोट ठेवून तो उलगडून पाहावा लागतो.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही असाच गैरसमज रुजला आहे. कुलूप म्हणजे सुरक्षित, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. प्रत्यक्षात त्या कुलपाचा अर्थ एवढाच की आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण मधल्या कोणाला वाचता येत नाही. समोर बसलेलाच चोर असेल तर त्याला ती अर्थातच वाचता येते. कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र गेली दहा वर्षे फुकट मिळते आणि फसवी पानेही ते सर्रास घेतात. गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोममधून हे चिन्ह काढले, कारण लोक त्याला विश्वासार्हतेची पावती समजत होते. बँकांच्या आणि शाळांच्या माहितीपत्रकांतून मात्र ‘कुलूप पाहा’ हा जुना सल्ला अजून हटलेला नाही. तो तातडीने काढला पाहिजे.

ग्राहक सेवेच्या फोन क्रमांकांची कथा तर याहून बिकट. ऑनलाइन नकाशावरची माहिती कोणालाही सुचवून बदलता येते, या सोयीचा गैरफायदा घेऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखांपुढे भामट्यांनी स्वतःचे क्रमांक टाकल्याचे महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे २०१८ मध्येच नोंदले गेले होते. ग्राहक बँकेला फोन करीत होते आणि पलीकडचा माणूस कार्डाची माहिती विचारून घेत होता. आता शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश येऊ लागला आहे आणि त्यातही भामट्यांचे क्रमांक शिरल्याचे प्रकार परदेशांत उघड झाले आहेत. बँकेचा क्रमांक हवा असेल तर तो डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो. विमा कंपनीचा पॉलिसीवर असतो, गॅस एजन्सीचा पुस्तकावर. तो शोधयंत्राला विचारूच नये.

इथे सरकारचीही झाडाझडती व्हायला हवी. २०१९च्या एप्रिलपूर्वी नोंदलेल्या महाराष्ट्रातील वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी (एचएसआरपी) सक्तीची झाली. दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी, असे दर ठरले. तीन विभाग, तीन कंपन्या, प्रत्येकीचे पान वेगळे, आणि मुदतवाढ एकामागून एक. लाखो वाहनधारक एकाच वेळी ‘एचएसआरपी महाराष्ट्र’ असे शोधू लागले तर बनावट पाने निघणारच होती, आणि ती निघाली. पुढे ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीच्या वेळीही तेच घडले. अधिकृत संकेतस्थळाखेरीज कुठेही आधार क्रमांक देऊ नका, असे सरकारला सांगावे लागले. ज्या योजनेत ग्रामीण भागातल्या, पहिल्यांदाच मोबाइलवर सरकारी अर्ज भरणाऱ्या बायका आहेत, तिच्यासाठी ही सूचना आधी द्यायला हवी होती. नवी योजना किंवा नवी सक्ती जाहीर होईल त्याच दिवशी तिचा एकमेव पत्ता रेशन दुकानात, ग्रामपंचायतीच्या फलकावर, एसटी स्थानकात आणि वीजबिलाच्या मागे मोठ्या अक्षरांत छापून लागला पाहिजे. हा खर्च मोठा नाही. वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिरातींत नेत्यांच्या छायाचित्रांना जेवढी जागा मिळते, तिच्या दहाव्या हिश्शातही हे काम होईल.

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत योग्य पाऊल उचलले. फेब्रुवारी २०२५च्या पतधोरणात बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ असा राखीव शेवट जाहीर झाला आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सर्व बँकांनी त्यावर जावे, असे बंधन आले. ज्या पत्त्याच्या शेवटी हे शब्द नाहीत तो बँकेचा नाही, एवढी एकच खूण लक्षात ठेवणे आजी-आजोबांनाही जमेल. देवस्थाने आणि इस्पितळे यांच्यासाठीही असा विचार व्हायला हवा.

सर्वांत मोठा प्रश्न उरतो तो शोधयंत्र चालवणाऱ्या कंपन्यांचा. सरकारी कागदपत्रे आणि सेवांच्या जाहिराती सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थांनीच द्याव्यात, असा नियम गूगलने स्वतःच केलेला आहे. २०२४ मध्ये जगभरात ५१० कोटी जाहिराती रोखल्या आणि भारतातील २९ लाख जाहिरातदारांची खाती गोठवली, असेही कंपनी सांगते. एवढी यंत्रणा आणि एवढे मनुष्यबळ असूनही यात्रेच्या हंगामात बनावट जाहिराती झळकत असतील, तर ती कारवाई पुरेशी नाही हे उघड आहे. आम्ही केवळ मध्यस्थ, हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चा आडोसा जाहिरातीच्या बाबतीत टिकू नये. जाहिरातीचे पैसे कंपनी घेते, कोणत्या शब्दाला ती दाखवायची हे कंपनीची यंत्रणा ठरवते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, व्यापारचिन्हांच्या एका वादात, गूगल आपल्या जाहिरात व्यवसायात निष्क्रिय मध्यस्थ नाही, असे स्पष्टपणे नोंदवले आहे. कंपनीच्या नाममुद्रेला जे संरक्षण मिळते ते पेन्शनीच्या पैशातून तिकीट काढणाऱ्या भाविकाला का मिळू नये?

उपाय नवा शोधण्याचीही गरज नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून वित्तीय सेवांची जाहिरात करणाऱ्याला तिथल्या नियामकाची मान्यता असल्याचे आधी दाखवावे लागते. त्याशिवाय गूगल जाहिरात घेत नाही. भारतात सरकारी सेवा, तीर्थयात्रा आणि ग्राहक सेवा क्रमांक या तीन विषयांपुरती तरी अशी आगाऊ पडताळणी कायद्याने बंधनकारक करावी, आणि पडताळणी न करता घेतलेल्या जाहिरातीमुळे कोणी लुटला गेला तर भरपाई कंपनीकडून वसूल करावी. केंद्र सरकारने हे येत्या यात्राहंगामापूर्वी केले पाहिजे.

तोवर जे फसले त्यांनी लाजेने गप्प बसू नये. मुले रागावतील, शेजारी हसतील या भीतीने अनेक ज्येष्ठ दोन-दोन दिवस तोंड उघडत नाहीत आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरून काढले जातात. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर बँका ती रक्कम वाटेत गोठवू शकतात. पैसे गेल्याचे लक्षात येताच त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक आणि त्या पानाचा पत्ता जवळ ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांना हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून द्या.