उशा किती लागतात?

गेल्या हिवाळ्यात बाळापुरात आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मशिदीत खुर्चीवर बसून नमाज अदा करू लागले. आम्हाला वाटले, गुडघे दुखत असतील. विचारले तर म्हणाले, "गुडघे बरे आहेत. सजद्यात गेलो की दम कोंडतो."

घरी चौकशी केली. सूनबाई म्हणाल्या, अब्बा आता तीन उशा घेऊन झोपतात. बेगमसाहेबा म्हणाल्या, रात्री दचकून उठतात आणि खिडकीशी बसतात. नातवाने पाहिले होते की संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. प्रत्येकाने एकेक गोष्ट पाहिली होती, पण चारही एकत्र कुणी मांडल्या नव्हत्या. "वय झाले" म्हणून दीड महिना निघून गेला. अकोल्याला तपासणी झाली तेव्हा हार्ट फेल्युअर निघाले.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय थकते, रक्त पुढे ढकलण्यात कमी पडते आणि पाणी मागे साचते. ते पायात उतरले की सूज येते, फुप्फुसात साचले की दम लागतो. आडवे झाल्यावर पायांतले पाणी छातीकडे परतते, म्हणून रात्री त्रास वाढतो. छातीत दुखेलच असे नाही. जुना हार्ट अटॅक, बीपी, शुगर, झडपांचा आजार ही त्याची नेहमीची कारणे. बाळंतपणाच्या आसपास तरुण स्त्रीलाही हा आजार होऊ शकतो; तिचा दम "अशक्तपणा" म्हणून सोडू नये.

घरातल्या मोठ्यांकडे एवढे पाहा: झोपताना उशा वाढल्या का? आडवे होताच खोकला येतो का? वाकल्यावर किंवा जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो का? नडगीवर अंगठा दाबून काढल्यावर खळगा राहतो का? दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले का? ती चरबी नव्हे, पाणी असते. यातले काही दिसले तर ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांना लगेच दाखवा. इसीजी आणि इकोबद्दल विचारा. बसल्या जागी दम लागला, ओठ निळे पडले, गुलाबी फेसाळ थुंकी आली किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

आजार कळल्यावरही घरात चुका होतात. अकोल्याच्या बसमध्ये पंचाईत नको, वुजू टिकावा, म्हणून लघवीची गोळी टाळली जाते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते, गोळी सोडता येत नाही. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही अंगात पाणी साठवतात. लोणचे, पापड, शेव, खारे शेंगदाणे यांतले मीठ तेच करते. रमजानमध्ये तर आधी डॉक्टरांशी बोला. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआनने सूरह बकरात (2:184-185) दिली आहे. ती घेताना संकोच नको.

आमचे ते बुजुर्ग अजून खुर्चीवरच नमाज अदा करतात. पण रोज फज्रनंतर काट्यावर उभे राहतात, आकडा वहीत लिहितात आणि अल्हम्दुलिल्लाह, एका उशीवर झोपतात. आज रात्री आपल्या अब्बा-अम्मींच्या, दादी-नानींच्या उशा एकदा मोजा.