पावतीपुस्तकात एक ओळ वाढवा

लिंबागणेशात काय किंवा मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरच्या कुठल्याही गावात काय, सप्ताह ठरला की आधी बैठक बसते आणि मग पावतीपुस्तक निघतं. कुणी उंबऱ्यामागं ठरलेली रक्कम देतं, कुणी ज्वारीचं पोतं, कुणी गुळाची ढेप. एखादं घर एका दिवसाची पंगत उचलतं. चाकणला, भोसरीला कामाला गेलेली पोरं फोनवरून पैसे टाकतात. कारखान्यावरून परतलेलं जोडपं उचल फिटली की नाही हे बघत बसत नाही, आधी वर्गणी बाजूला काढतं.

दुष्काळाचा आणि ऊसतोडीचा जिल्हा एवढीच आपली ओळख सांगणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही. आर्वीचं शांतिवन, पालीजवळचं इन्फंट इंडिया ही लेकरांची घरं समाजाच्या देणग्यांवर चालत आली. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा राज्यातून निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता आणि तिथं माणसं टिकाव-फावडं घेऊन माळावर उतरली. द्यायचं कसं हे बीडकरांना कुणी शिकवायला नको. दिलेलं जातं कुठं, एवढंच आज बोलायचं आहे.

मागच्या सप्ताहाचा जमाखर्च काढून बघा. अन्नदान, मंडप, ध्वनिक्षेपक, फ्लेक्स, बाहेरून येणाऱ्या कीर्तनकारांचं मानधन. पंगतीला हात लावा असं मी म्हणणार नाही. गाव एका रांगेत जेवतं ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे जेवढे चेहरे असतात, त्यातले निम्मे काढले तरी हरिनामाला काही उणं पडणार नाही. आणि याच जमाखर्चात आपल्या गावच्या भारुडकऱ्याचं नाव शोधा. संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याचं शोधा. आराध्याची गाणी म्हणणाऱ्या बाईचं शोधा.

लोकांनी ज्या कलेला पोसलं ती टिकली, इतका हा सरळ हिशेब आहे. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली पोरं माधुकरी मागून शिकली, म्हणजे आळंदीच्या घराघरांतल्या भाकरीवर कीर्तनकार आणि मृदंगाचार्य तयार झाले. शंभर वर्षांनंतरही आपल्या मंडपात पखवाज घुमतो, त्यामागं त्या भाकरी आहेत. संबळाला अशी माधुकरी मिळाली नाही. जात्यावरच्या ओवीला तर कुणी विचारलंच नाही.

पूर्वी सोय होती, पण ती कसली होती हेही सांगायला हवं. निजामाच्या राज्यात देवस्थानच्या सेवेसाठी खिदमतमाश इनामं होती. पूजा, दिवाबत्ती, वाजंत्री अशा चाकरीवर जमीन मिळे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढच्या दशकात इनामांचे कायदे बदलले. कुठं जमिनी हातच्या गेल्या, कुठं त्यांच्यावरून कज्जे लागले. गावगाड्यात गोंधळी, पोतराज, वासुदेव यांना सुपातलं धान्य मिळायचं खरं, पण दारात उभं राहून, खाली मान घालून. त्या कलावंतांच्या लेकरांनी संबळ खुंटीला टांगला आणि शाळेची वाट धरली, यात त्यांचं काय चुकलं? ते दिवस परत आणा असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. मला हवं आहे ते मानधन. पावतीवर लिहिलेलं, ठरावात मांडलेलं, कीर्तनकाराला देतो तशाच आदरानं दिलेलं.

सरकार देतं की, असं कुणी म्हणेल. देतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून ज्येष्ठ कलावंताला महिन्याला पाच हजार रुपये मिळतात, आणि ज्यांनी अर्ज केले नाहीत त्यांचे अर्ज भरून देणं हेही गावाचंच काम आहे. पण ती रक्कम म्हातारपणाचा आधार आहे. तिच्यातून दहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात संबळ येत नाही. शिकवणारा आणि शिकणारा एका ओट्यावर बसवायचे तर गावानंच बसवायला हवेत.

लोकांनी ठरवलं तर काय टिकतं, ते दूरच्या एका उदाहरणात बघा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांत पॉटलॅच नावाचा सोहळा असतो. यजमान गावोगावच्या पाहुण्यांना बोलावतो, मुखवटे घालून नाच होतात, वंशाच्या कथा सांगितल्या जातात आणि यजमान आपल्याजवळचं वाटून टाकतो. ज्याचं वाटप मोठं त्याचा मान मोठा. तिथल्या सरकारला ही उधळपट्टी वाटली. १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅच हा गुन्हा होता. १९२१ साली एका पॉटलॅचवर धाड पडली, पुढं लोकांना तुरुंगात टाकलं, मुखवटे जप्त केले. लोकांनी सोहळा चोरून चालू ठेवला, मुखवट्यांचा पाठपुरावा पिढ्यानपिढ्या केला आणि १९८० साली अलर्ट बे इथं स्वतःचं सांस्कृतिक केंद्र उभारून परत आलेले मुखवटे तिथं मांडले. आपल्या सप्ताहावर तर कुणाची बंदी नाही. आपल्याकडचं विसरलं जातं ते नुसत्या दुर्लक्षानं.

आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटंही घडलं आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली त्यांची मंडळी माजलगावच्या भीमनगरात आली आणि तिथल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. त्या आज कुणालाही ऐकता येतात. लिंबागणेशच्या वाड्या-वस्त्यांवर, मराठा आळीत, बौद्ध वस्तीत, वंजाऱ्यांच्या घरांत ज्या म्हाताऱ्यांना ओव्या येतात, त्यांच्यापुढं कुणी फोन धरला आहे का? घराघरात गिरणीचं पीठ आलं त्याला किती काळ लोटला, याचा हिशेब करा म्हणजे घाई कळेल.

तेव्हा मागणी अशी. यंदाच्या पावतीपुस्तकात ‘अन्नदान’, ‘मंडप’ यांच्या खाली ‘गावची कला’ अशी एक ओळ छापा. जमलेल्या रुपयातले दहा पैसे तिकडं वळवा. पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते पाच जणांनी ठरवावं, त्यात दोन बाया असाव्यात आणि एक जण कलावंताच्या घरचा असावा. काल्याच्या कीर्तनानंतर बाकी खर्चासोबत हाही हिशेब माइकवरून वाचावा. सप्ताहातली एक रात्र गावच्याच भारुडाला आणि गोंधळाला द्यावी, कीर्तनाच्या वेळेलाच, मंडप भरलेला असताना.

आणि शिकवणी दिवाळीनंतर सुरू करावी. आईबाप फडावर जातात तेव्हा कितीतरी लेकरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहतात. त्यांच्या संध्याकाळी मोकळ्या असतात. पखवाज, संबळ, भारुडाचं सोंग शिकवणाऱ्याला त्या महिन्यांचं मानधन याच ओळीतून मिळेल. चैत्रात आईबाप परततील तेव्हा पोरगी मंडपात उभी राहून वाजवेल, आणि पुढच्या वर्षी ही ओळ ठेवायची की नाही यावर भांडायला बैठकीत तेच सगळ्यात पुढं बसलेले असतील.

लिंबागणेशला भालचंद्राच्या देवळात बैठक बसेल तेव्हा हा विषय पहिल्या दहा मिनिटांत काढा. पुस्तक एकदा छापखान्यात गेलं की वर्षभर थांबावं लागेल.