जुन्या गाडीचा ब्रेक : किट, नवा की मोठा?



कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या टोकावडे परिसरात गाडी ही आता चैन राहिलेली नाही. कोणी जुन्या जीपवर माणसे नेऊन पोट भरतो, तर कोणी सेकंडहँड कारमधून आजाऱ्याला मुरबाड-कल्याणच्या दवाखान्यात पोहोचवतो. दोन भावांची बचत आणि पतपेढीचे कर्ज एकत्र येते तेव्हा कुठे अशी गाडी दारात उभी राहते. तिथल्याच एका तरुणाने विचारले आहे, "पुढच्या चाकाचा कॅलिपर बिघडला. मिस्त्री म्हणतो किट टाकू, दुकानदार म्हणतो नवा घ्या, मित्र म्हणतात मोठ्या गाडीचा बसव. मी काय करू?"

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. पाय काढला की पिस्टनभोवतीची रबरी रिंग त्याला किंचित मागे ओढते. ही रिंग कडक झाली, पिस्टनला गंज चढला किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या, की चिमटा नीट सुटत नाही. मग गाडी एका बाजूला ओढते, एकाच बाजूचे पॅड लवकर झिजतात, चाक तापते आणि जळका वास येतो. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला किंवा पेडल खाली बसू लागले, तर गाडी तिथेच उभी करावी.

आपल्याकडे हा प्रश्न घाटामुळे अधिक गंभीर आहे. माणसांसह १५०० किलो वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरते, तेव्हा एवढी उष्णता निर्माण होऊ शकते की चार लिटर गार पाण्याला उकळी फुटावी. इंजिनाने अडवली नाही, तर ती बहुतेक सगळी ब्रेकला सोसावी लागते. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी ती मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल नुसते आत जाते आणि गाडी थांबत नाही.

आता तिन्ही वाटा पाहू.

पहिली वाट किटची. कॅलिपर उघडून पिस्टन बाहेर काढा आणि नखाने चाचपा. पिस्टन गुळगुळीत असेल, रिंग बसते ती खाच शाबूत असेल आणि पिना वाकलेल्या नसतील, तर किट पुरेसे आहे. यात खर्च सर्वांत कमी. मात्र रबराला रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका. त्याने रबर फुगते. स्वच्छ ब्रेक ऑइलच वापरावे.

दुसरी वाट नव्या कॅलिपरची. पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवी रिंगही टिकणार नाही. पॉलिश पेपरने घासून तात्पुरती चमक येईल, खड्डा बुजणार नाही. बॉडीला तडा असेल किंवा तेलाची हवा काढायचा निपल आतच तुटला असेल, तर बहुधा बदलीच सोयीची. पक्के बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. भंगारातला जुना कॅलिपर स्वस्त मिळेल, पण तोही उघडून किट टाकावेच लागते. मग बचत कसली?

तिसरी वाट मोठ्या कॅलिपरची. ही बहुतेकांनी सोडून द्यावी. मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागते, त्यामुळे मास्टर सिलेंडर जुळत नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. टायर गुळगुळीत असतील तर कितीही मोठा ब्रेक रस्ता पकडून देत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ बांधणीत बदल करण्यावर बंधने आहेत. त्याच पैशात चांगले टायर, पॅड आणि नवे तेल येते.

निर्णयाआधी वहीत दोन रकाने पाडा. एकात किट, पॅड, तेल आणि मजुरी; दुसऱ्यात नवा कॅलिपर, पॅड, तेल आणि मजुरी. दोन्हींखाली गाडी बंद राहण्याचे दिवस आणि बुडणारी कमाई लिहा. किट टाकून सहा महिन्यांत पुन्हा गॅरेज गाठावे लागणार असेल, तर स्वस्त ते महाग ठरते. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला आणि दुसऱ्या बाजूचा कॅलिपरही उघडून बघा, कारण दोघांचे वय एकच आहे. जुन्या जीपला कॅलिपर नसून ड्रम असतील, तरी चाकाच्या सिलेंडरला हाच हिशोब लागू आहे.

काम झाल्यावर मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू चालवून ब्रेक तपासा, मगच माणसे बसवा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. घाट ज्या गिअरवर चढतो, त्याच गिअरवर उतरा.

बंपरला लिंबू-मिरची बांधून गाडी थांबत नाही. ती थांबते पिस्टन, रबर आणि तेल यांच्या बळावर. मागच्या सीटवर बसलेल्या बाईने पोर मांडीवर घेतलेले असते ते आपल्या भरवशावर. तेव्हा खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती टेप आणि शोभेच्या दिव्यांना लावा, ब्रेकला नको.