दोन वायरी, एकच वाट

घरी विमान बांधणं म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. इथे ओरेगॉनमध्ये हे बऱ्यापैकी रुळलेलं वेड आहे. 'व्हॅन्स एअरक्राफ्ट'चा कारखाना इथल्याच ऑरोरा गावात. तिथून किट आणायचं आणि पुढची काही वर्षं बायकोची गाडी पावसात उभी करायची. माझ्या शेजाऱ्याने तेच केलंय. दोन माणसांचं आरव्ही-७. मी त्यांना काका म्हणतो (त्यांना वाटतं तो हुद्दा आहे). शनिवारी मी वायरिंगच्या मदतीला जातो. सॉफ्टवेअरवाल्याला वायरीतलं कळतंच, हा गैरसमज जगभर सारखाच :)

तर, इंजिन आणि कॉकपिट यांच्या मध्ये स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. आपली नेटवर्कवाली नव्हे, आग अडवणारी, खरीखुरी. काकांनी सगळ्या वायरींची एक जुडी केली होती. मेण लावलेल्या दोऱ्याच्या सारख्या अंतरावर गाठी, आणि अख्खी जुडी एकाच भोकातून पलीकडे. मी फोटोसुद्धा काढला. फोटो फार छान आलाय, पण माझ्या मते ते वायरिंग चुकीचं आहे.

का ते सांगतो. काकांच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक ह्या मॅग्नेटोचा, एक त्याचा. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो स्वतःची वीज स्वतः बनवतो. त्याला बंद करायला एक वायर असते, पी-लीड. ती विमानाच्या सांगाड्याला जोडली गेली की मॅग्नेटो गप्प. म्हणजे घरातल्या दिव्याच्या बरोबर उलटं! वायर तुटली तर तो चालूच राहतो, म्हणूनच उभ्या विमानाच्या पंख्यालाही उगाच हात लावायचा नाही. आणि वायर घासून आतलं तांबं पत्र्याला टेकलं, तर तो हवेतच बंद पडतो. एक बंद पडला तर इंजिनाची ताकद थोडी कमी होते, घरी परत येता येतं. पण दोन्ही पी-लीड एकाच जुडीत, एकाच भोकातून नेल्या, भोकातलं बूच सरकलं आणि इंजिनाच्या थरथरीने पत्र्याची धार करवतीसारखी चालू लागली तर? ड्रॉइंगवर दोन मॅग्नेटो, आणि पत्र्यापाशी त्यांचा जीव एकाच जागी.

आमच्या पुण्याच्या जुन्या ऑफिसात दोन वेगवेगळ्या इंटरनेट लाइनी होत्या. बॅकअप! रस्ता खोदताना दोन्ही एका दमात तुटल्या, कारण चर एकच होता. आमची एक दुपार बुडाली, एवढंच. १९८९ साली युनायटेडच्या फ्लाइट २३२ ला हीच गोष्ट फार महागात पडली. त्या डीसी-१० मध्ये तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, पण तिन्हींच्या नळ्या शेपटीतल्या इंजिनाजवळून जात होत्या. त्या इंजिनाचा पंखा फुटला आणि तुकड्यांनी तिन्ही निकामी केल्या. ११२ माणसं गेली.

काकांचंही एक म्हणणं आहे, आणि ते फालतू नाही. फायरवॉलला जितकी भोकं जास्त, तितक्या आग आणि धूर आत यायच्या वाटा जास्त. प्रत्येक भोकाला आगीत टिकणारं सील हवं, नुसतं रबर तिथे चालत नाही. शिवाय वजन वाढतं. मला हे मान्य आहे, म्हणून प्रत्येक वायरीला वेगळी वाट द्या असं मी म्हणत नाही. तेलाच्या तापमानाची आणि दाबाची वायर खुशाल गळ्यात गळे घालून जाऊ देत. पण जी गोष्ट आपण मुद्दाम दोनदा बसवली, तिच्या दोन वायरी एकत्र बांधल्या तर दुसरीचं वजन उगाच वाहतोय आपण.

ह्यावर आमची दोन शनिवार वादावादी झाली. नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः करायचं असतं, त्यामुळे वायर कुठून न्यायची हे ठरवणारे काकाच. मी आपला पाहुणा. शिवाय त्या गाठी त्यांनी थंडीत, पाठीवर झोपून, चष्म्यावर चष्मा लावून मारलेल्या.

काल गेलो तर अर्ध्या गाठी कापून पडल्या होत्या. उजव्या मॅग्नेटोची पी-लीड मोकळी लोंबत होती, आणि काका फायरवॉलच्या दुसऱ्या टोकाला खूण करत होते. स्टेनलेसला भोक पाडणं वैतागाचं काम आहे. दोन ड्रिल बिट बोथट झाले, भोक अजून अर्धंच आहे. पुढच्या शनिवारी नवीन बिट मी नेणार, असं ठरलंय.